घोडा की दहा टायर

१४ जानेवारी

नाही आला. ट्रेलरवाला आजही नाही आला!

मशीन धनजच्या शिवारात उभं. तळं खोदून झालं, शेतवाल्यानं नारळ फोडला, हात जोडले. अन आता त्याच्या हरभऱ्यात आमचं पोकलेन हत्तीसारखं उभं आहे. तो सकाळ-संध्याकाळ फोन करते, "बाई, तुमचं धूड उचला, मले पानी द्याचं हाये." काय उचलू? डोक्यावर घेऊ? पोकलेनले चाकं नसतात, साखळ्या असतात. शेतात रांगते. डांबरी रस्त्यावर काढलं त रस्ता उखडते, साखळीही झिजते. त्याले एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचं म्हणजे दुसऱ्या गाडीच्या पाठीवर. अन ती गाडी दुसऱ्याची म्हणजे मर्जीही दुसऱ्याची.

"निघालोच ना वहिनी," म्हणते ट्रेलरवाला. निघालोच म्हणजे आंघोळ चालू आहे. "रस्त्यावर हाये" म्हणजे जेवून राह्यला. "पोचलोच" म्हणजे आता निघाला. त्याची सगळी भाषा मी शिकली.

दुपारी रिसोडचं गिऱ्हाईक म्हणे, आमी दुसरं मशीन बोलावलं. गेलं काम!

राजपाल ओट्यावर बसून होता. म्हटलं, बस झालं. मशीन आपलं अन पाय दुसऱ्याचे, हे चालत नाही. आपली गाडी घ्या.

"घेऊ," म्हणे. लगेच! चप्पल घ्यायची त जो माणूस दोन दिवाळ्या घालवते, त्यानं एका शब्दात घेऊ म्हटलं. मले तेव्हाच खटकलं.

(राजपाल लिहिलं. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही मी. कागदाले काय, तो कोणाले सांगते.)

१५ जानेवारी

आजही नाही. तिळगूळ घेऊन धनजले गेली. शेतवाल्यानं खाल्ला. गोड नाही बोलला.

१७ जानेवारी

आला एकदाचा. वरून म्हणते, "वहिनी, चहा पाजा!" पाजला. काय करणार.

फुलचंदनं मशीन चढवलं. तो आमचा ऑपरेटर, हात चांगला आहे त्याचा. मले ते चढणं पाहवत नाही, तरी दर वेळी पाहते. दोन लोखंडी फळ्यांवरून एवढं धूड वर जाते. मधात एक घडी अशी येते की अर्धं मशीन हवेत असते अन अर्धं कशावरच नसते. मंग धाडकन आडवं होते अन सगळे एकदम खाकरतात.

घरी आल्यावर गाडीची गोष्ट निघाली. रस्ते दोन. एक — दहा टायर. साधा ट्रक, वरची पेटी कापून सपाट केलेला, मागे उतरत्या फळ्या. आमचं मशीन लहानातलं, त्यावर नीट बसते. दुसरा — ट्रेलर. पुढे नुसतं डोकं, मागे लांबच लांब, जमिनीशी झुकलेला पाट, मधात एका पिनेवर जोडलेला. त्या डोक्याले डायव्हर लोक घोडा म्हणतात.

माहं म्हणणं दहा टायर. गल्लीत शिरते, चौकात वळते. अन चालवायले माणूस घरचाच आहे! उभी जवानी त्याची ट्रेलरवर गेली. नागपूर, मुंद्रा, चेन्नई. दहा टायर म्हणजे त्याले खेळणं.

तो म्हणे, "घोडा."

म्हटलं, काहून?

"घोडाच."

हे काय उत्तर झालं!

२० जानेवारी

हसू की रडू.

काल नणंदेशी बोलता बोलता म्हटलं, "काय सांगू कमलीबाई, तुमचे भाऊ घोड्यासाठी हटून बसले." बस. एवढंच. आज सकाळी तांड्यातल्या बाया दारात! "निताचं जमलं अन आमाले सांगतलं नाई?" घोडा म्हणजे नवरदेवाचा घोडा! निता, आमची पोरगी, अमरावतीले नर्सिंग शिकून राह्यली, तिले पत्ता नाही की तिचं लग्न ठरलं. मी सांगते आहे, अवं गाडी, गाडी! त एक म्हातारी म्हणे, "गाडी बी देऊन राह्यले? मंग पोरगा नोकरीवाला असन." अन पाणी न पिता गेली रुसून.

सासरे खाटेवर बसून सगळं ऐकत होते. बाबूसिंग म्हणजे तांड्यातला सगळ्यात जुना माणूस, ऐकू कमी येते पण नको तेच बरोबर येते. म्हणे, "घोडा कायले? घोडा शिपायाचा. आपुन बैलावाले."

म्हटलं, बापू, लोखंडाचा घोडा हाये तो. ओझं ओढते.

"ओझं ओढते त बैल म्हना त्याले."

राजपाल हसला. लय दिवसांनी असा हसला.

२३ जानेवारी

आज कडाक्याचं भांडण.

मी म्हटलं, ट्रेलरचं पोट जमिनीशी असते. रिसोड रस्त्यावरच्या ब्रेकरवर मागच्या उन्हाळ्यात एक टेकून बसला होता, दोन्ही बाजूचे लोक उतरून शिव्या देत होते. आमचे रस्ते कसे? एका बाजूले नाली, दुसऱ्या बाजूले कोणाचा तरी गोठा, वर तारा. तिथं तुमचा घोडा वळन का? तो म्हणे, वळवनारा पाह्यजे. म्हटलं, मंग तुमी हाय ना! तो म्हणे, "मी नाई. डायव्हर ठेवू. घोड्याले पट्टीचा डायव्हर लागते."

पट्टीचा! ज्यानं घाटात उलटं ट्रेलर घेतल्याच्या गोष्टी सांगून माहं डोकं खाल्लं, तो म्हणते पट्टीचा डायव्हर आणू!

"ट्रेलर बारा महिने चालते. आपलं काम नसलं त कंपनीले लावू. लायनीवर टाकू."

लायनीवर. तो शब्द आला अन मले जेवण गोड लागलं नाही.

लायन म्हणजे लांबच्या फेऱ्या, लग्न झालं तेव्हापासून हा शब्द ऐकते. हे कुठं गेले? लायनीवर. पोरीले ताप आला, बाप कुठं? लायनीवर. कधी मधी यायचा, अंगाले डिझेलचा वास, निता त्याले पाहून माह्या पाठीमागे लपायची. दोन दिवस राह्यला की मलेच अडचण व्हायची. घरातल्या वस्तू कुठं ठेवल्या त्याले माहीत नसायचं. पाहुण्यासारखा विचारायचा, गिलास कुठं हाये? मशीन घेतलं तेव्हा घरी आला, कायमचा. म्हणे बस झाली लायन.

अन आता पुन्हा. डायव्हर ठेवतो म्हणते, पण मी काय खुळी आहे? डायव्हर पळते. डायव्हर पळाला की मालकालेच बसा लागते. मंग गेला हा मुंद्र्याले! तेच पाहिजे त्याले. सरळ सांगत नाही एवढंच.

तसाही आता आळशी झाला. मशीनले डिझेल न्यायची पिकअप आधी तोच चालवायचा. आता म्हणते, "तू चालव ना, तुह्या हाताले वळन लागू दे." शेठ होऊन बाजूले बसते. मोटारसायकल त कधीची झाकून ठेवली आहे.

२४ जानेवारी

बोललो नाही एकमेकांशी. तूर काढली.

२६ जानेवारी

सासऱ्यांजवळ बसून तूर निवडत होती. आपल्या आपण बोलायले लागले. त्यांच्या आज्याच्या वेळची लदेणी. आपले लोक बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून मुलूखभर फिरायचे, तांडाच्या तांडा. कुठं मशीन अन कुठं मीठ, पण धंदा तोच की! दुसऱ्याचं ओझं इथून उचला, तिथं ठेवा.

म्हटलं, बापू, मंग बैल कसा पारखायचे?

"चालताना नाई पाहाचा. चालताना सगळेच चांगले दिसतात. ओझं टाकाचं अन बसवाचा. मंग उठताना पाहाचा. उठताना तो खोटं बोलत नाई."

निवडणं राह्यलं बाजूले. किती बरोबर आहे! गाडीचंच काय, माणसाचंही तसंच असेल. राजपालले मी कधी पाह्यलं? चालतानाच पाह्यलं. येताना अन जाताना.

मंग म्हणे, "अन लाल घेजो. लाल रंगाची गाडी गरम होत नाई."

झालं!

३१ जानेवारी

अकोल्याले गेलो. मोहनसिंग म्हणजे राजपालचा मामेभाऊ, जुन्या गाड्यांची दलाली करते. गळ्यात साखळी, हातात दोन फोन, एकही वाजत नाही. "भाबी, तुमच्यासाठी गाडी नाई, हिरा ठेवला हिरा!"

हिरा म्हणजे एक दहा टायर. नवा रंग, कॅबिनमध्ये फुलांच्या माळा. मले आवडली. राजपालनं बूट काढले, पोत्यावर उताणा झाला अन खाली शिरला. हातोडी घेऊन चेसी, म्हणजे गाडीचा कणा, ठोकत ठोकत मागपर्यंत गेला. ठण, ठण, ठण. एका जागी आवाज बसका आला. बोटानं रंग खरवडला त आत वेल्डिंगचा वळ.

"मोहन, हिऱ्याले टाके हायेत."

"अबे भाऊ, थोडंसं..."

"मशीन चढलं की मधातून वाकन."

सगळं कळते त्याले! मले बरं वाटलं, खोटं कशाले लिहू. मंग दुसरी पाह्यली, ती चांगली होती. मोहनसिंग म्हणे, भाऊ, एक चक्कर मारून आन. चावी पुढे केली. राजपालनं घेतली नाही. म्हणे, "तू चालव. मी बाजूनं आयकतो. इंजिन कानानं पाहाचं असते."

मी म्हटलं, हात काय गहाण ठेवले?

त्यानं कानानं पाह्यलं अन म्हणे, बरी हाये, पण घोडाच घेऊ.

मोहनसिंगले अजून काय पाहिजे! ट्रेलर विकला त दलाली मोठी. परतीच्या रस्त्यावर मी पिकअप इतकी जोरात हाकली की राजपाल दरवाजा धरून बसला.

४ फेब्रुवारी

राजपाल काल नागपूरले गेला. सांगून नाही. शेजारच्याच्या गाडीत बसून. आज आला. काय काम होतं? "होतं एक." कोणाकडे? "जुनी वळख."

जुनी ओळख!

सरळ विचारलं. मले घुमवून विचारता येत नाही. म्हटलं, कोण हाये नागपूरले? बाई हाये का?

माह्याकडे पाहतच राह्यला. मंग म्हणे, "म्हातारा झालो चंदा. आता कोन ठेवते मले."

हे नाही म्हणणं झालं का?

८ फेब्रुवारी

कमलीबाई आली होती. भावासाठी बोरं घेऊन. मले चुलीपाशी गाठून म्हणे, "वैनी, काहून अडवून राह्यली त्याले? मर्दाले दाव्यानं बांधते का कोनी? त्याचा जीव लायनीवर हाये. घरात कसा सुकून गेला पाह्य. बोलत नाई, कुठं जात नाई."

मी म्हटलं, तुमचा भाऊ, घेऊन जा. तेवढ्यापुरतं जिंकली.

पण ती गेल्यावर बसली विचार करत. खरंच सुकला. पारावर जात नाही. पत्त्याच्या डावात बसत नाही. ओट्यावर बसते अन रस्त्याकडे पाहते. मी समजत होती बाप्पा, घरी रमला. कोण रमला? मी रमली!

एवढी वर्षं तो नव्हता त मले सवय होती. एकटीनं भाकरी केली, एकटीनं शेत पाह्यलं, कोणाले विचारायचं नाही. अन हा आला. पहिले वर्षभर नुसती भांडणं. मीठ जास्त, टीव्ही मोठा, दार कोणी उघडं ठेवलं. मंग कधी काय झालं कळलंच नाही. आता तो मागच्या अंगणात खाकरला तरी मले समजते की कुठं आहे. बाजाराहून आली की आधी ओट्याकडे पाहते. आहे म्हटलं की मंग पिशवी ठेवते.

हे त्याले सांगता येत नाही. काय सांगू? तुमी खाकरता ते बरं वाटते?

सांगितलं नाही म्हणूनच जाते का तो?

९ फेब्रुवारी

रात्री नीट झोप नाही. सकाळी ठरवलं. ज्याचा जीव जिथं आहे तिथं जाऊ द्यावं. आपल्या सुखासाठी माणूस ओट्यावर वाळवत ठेवायचा का? मी तुरीची शेंग नाही वाळवून राह्यली.

दात घासत होता. म्हटलं, "घ्या तुमचा घोडा. दहा टायरचं नाव काढत नाही मी."

वाटलं उडी मारेल. तोंड धुतलं. दुपट्ट्यानं पुसत राह्यला. लय वेळ. म्हणे, "बरं."

बरं! माह्या काळजाचा तुकडा काढून देल्ला अन हा म्हणते बरं!

११ फेब्रुवारी

मोहनसिंगचा फोन. घोडा आहे, मागचा पाट पण आहे, मालक विकून राह्यला. शनिवारी या. मी म्हटलं येतो. पण एक अट आहे माही. ओझं चढवलेलं पाहीन. रिकामी गाडी पाहायले येत नाही.

सासऱ्यांले सांगितलं. म्हणे, "लाल हाये का?"

१५ फेब्रुवारी

आल्यावर चूलही पेटवली नाही. लिहिते तरी.

अकोल्याले यार्डात घोडा उभा होता. दांडगा! मागच्या पाटावर एक जुना रोलर चढवून ठेवलेला, माह्या अटीसाठी. मोहनसिंग म्हणे, भाबी, घ्या, ओझं! राजपालनं ठोकून पाह्यलं, पिन पाह्यली, टायर हातानं चाचपले. सगळं ठीक. म्हणे, घेऊ.

मी म्हटलं, थांबा. तुमी चालवून दाखवा.

"मोहन चालवते ना."

"मोहनले घ्यायची आहे का? तुमी चालवा. उलटी घेऊन त्या भिंतीपाशी लावा. घाटात लावायचे म्हणता ना? मले पाहू द्या एकदा."

अन हे खरं होतं. मले पाहायचंच होतं. इतकी वर्षं तो काय करते, मी एकदाही पाह्यलं नव्हतं. जाणारच आहे त एकदा पाहू तरी म्हटलं.

यार्डातले लोक गोळा झाले. "उस्ताद, होऊ द्या!" आता नाही म्हणायले जागा नव्हती. चढला. स्टेरिंगवर हात ठेवून बसला जरा वेळ. मंग गिअर टाकला.

यार्डातला एक माणूस मागे डाव्या कोपऱ्यावर उभा राह्यला, इशारा द्यायले. इंजिनचा आवाज इतका की तोंडानं बोलून उपयोग नाही, हातानंच सगळं. येऊ दे, येऊ दे, येऊ दे. पाट मागे सरकत होता. सुरेख सरकत होता. मी उजव्या दारापाशी चालत होती, मले राजपालचं तोंड दिसत होतं. घाम आलेला. फेब्रुवारीत!

त्या माणसानं पंजा उभा केला. थांब.

राजपाल थांबला नाही.

त्या माणसानं दोन्ही हात वर केले. ओरडला. पाट येतच होता. तो माणूस भिंत अन पाटाच्या मधात होता. राजपाल डाव्या आरशातच पाहत होता! मान तिकडेच होती! मी दारावर थाप मारली, हाडं मोडतील अशी. डायव्हरची बायको आहे मी, मले एवढं माहीत आहे — एक थाप म्हणजे थांब. थांबला. मागे पाण्याचा ड्रम फुटला, तो माणूस उडी मारून बाजूले पडला. पायाले खरचटलं. वाचला. माणूस वाचला!

मंग सगळे एकदम. "उस्ताद, आरसा कायले असते? केस इचराले?" हसले. तो माणूस पण हसला, पण तोंड पांढरं होतं त्याचं.

राजपाल उतरला. त्याच्याजवळ गेला, त्याच्या पायाले हात लावला. म्हणे, "ब्रेक ढिल्ला हाये."

ब्रेक ढिला नव्हता. थाप पडली त जागीच थांबली गाडी. मले माहीत आहे, त्याले माहीत आहे.

येताना मी काही विचारलं नाही. पहिल्यांदा असं झालं की मले विचारायची घाई नव्हती.

१६ फेब्रुवारी

डिझेल घेऊन निघाली. तो बाजूले. नाल्यापाशी म्हणे, थांबव.

"डाव्या डोळ्यानं दिसत नाई मले. शुगरनं गेला. नागपूरच्या डाक्तरले दाखवलं. म्हणे आता येत नाई. उजवाही धुकट झाला, तो तरी सांभाळा."

मी म्हटलं, मंग घोडा कायले मागत होते?

"दहा टायर घेतली असती त तू मलेच बसवलं असतं. घोड्याले डायव्हर ठेवला त कोनी काहून म्हनत नाई. मालक घरी ऱ्हाते." अन मंग म्हणे, "मले कुठं जाचं नव्हतं चंदा."

अन मी त्याले निरोप देऊन बसली होती!

तिथूनच मोहनसिंगले फोन लावला. घोडा नको. ती दुसरी दहा टायर धरून ठेव. अन एक डायव्हर पाह्य, चांगला.

राजपाल म्हणे, "अन मी?"

म्हटलं, तुमी राहा.